कुरण हिरवंच दिसतं

कुरणातून काय काय गेलं, त्याची ही यादी. नांगर फिरला किंवा इमारत उभी राहिली तर कुरण गेल्याचं कुणालाही कळतं. या यादीतली बहुतेक कुरणं जागच्या जागी आहेत. काही तर पूर्वीपेक्षा उंच आहेत, दाट आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती सुखावलेली वाटतील. दोन गोष्टी बदलल्या: जमिनीत उतरणारं नत्र वाढलं, आणि पावसाचं वेळापत्रक हललं. त्यापायी जे गेलं ते एकेक करून मांडतो आहे, कारण सगळं एकदम पाहिलं तर फक्त हिरवा रंग दिसतो.

जमिनीची भूक

हवेचे शंभर भाग केले तर त्यातले अठ्ठ्याहत्तर नायट्रोजनचे, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत नत्राचे. झाडाला ते हवेतून उचलता येत नाही. त्याच्या अणूंची जोडी फार घट्ट असते. वीज कडाडली की थोडी सुटते, काही जिवाणू ती सोडवतात, बाकीचं नत्र शेणामुतातून आणि कुजलेल्या पाल्यातून फिरत राहतं. कुरणं या तुटवड्यात घडली. एकाची मुळं खोल गेली, दुसऱ्याची उथळ पसरली. एक लवकर फुलून मोकळं झालं, दुसरं उशिरा उठलं. थोड्यात भागवण्याच्या जितक्या रीती, तितक्या जाती. कुणा एकाला माजता आलं नाही म्हणून सगळ्यांना जागा मिळाली.

१९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचं कारखान्यात रूपांतर केलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे तो सुरू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या खतावर पिकलेलं अन्न खातात. माझ्या ताटातली पोळीही त्यातलीच, आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण शेताला घातलेलं सगळं नत्र शेतात थांबत नाही. काही अमोनिया होऊन उडतं. मोटारींच्या, वीजकेंद्रांच्या धुरातून आणखी नत्र हवेत जातं. मग ते पावसातून आणि धुळीतून खाली येतं. ज्या कुरणाला कुणी कधी ओंजळभर खत घातलं नाही, त्याचीही भूक अशी भागते.

निव्वळ पाऊस

इंग्लंडमधल्या हार्पेंडन गावाजवळ रॉथमस्टेड नावाची शेतीसंशोधन संस्था आहे. जॉन बेनेट लॉज या जमीनदारांनी १८४३ साली ती आपल्या इस्टेटीवर सुरू केली. जोसेफ हेन्री गिल्बर्ट हे रसायनशास्त्रज्ञ अर्धशतकाहून जास्त काळ त्यांच्या जोडीला राहिले. १८५३ मध्ये दोघांनी तिथे एकराच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पर्जन्यमापक बांधला. म्हणजे साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. एवढा मोठा अशासाठी की पावसाचं पाणी भरपूर साठावं आणि ते तपासता यावं. पावसाबरोबर जमिनीला नत्र किती मिळतं, हे त्यांना हवं होतं.

त्या काळी ते थोडंच मिळत होतं. विसाव्या शतकात धूर वाढला, खत वाढलं, आणि पावसातलं नत्रही वाढत गेलं. नुसतं पाणी असलेला पाऊस युरोपच्या बहुतेक भागातून असा गेला. उपग्रहांनी अमोनियाचे जे नकाशे काढले आहेत, त्यांत जगातला एक सर्वांत गडद पट्टा आपल्या गंगेच्या मैदानावर आहे.

पार्क ग्रासमधली फुलं

याच रॉथमस्टेडमध्ये सात एकरांचं एक जुनं कुरण होतं. निदान शंभर वर्षं तिथे नांगर लागलेला नव्हता. १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी त्याचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला वेगळं खत, काहींना काहीच नाही. प्रश्न वैरणीचा होता: कशाने गवत जास्त मिळेल? त्याचं उत्तर मिळालं. शिवाय न विचारलेल्या एका प्रश्नाचंही मिळालं. दोन-तीन वर्षांतच तुकडे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले की त्यांत बियाणंच निरनिराळं पेरलं असावं, असं वाटे.

हा प्रयोग आजही चालू आहे. त्याचं नाव पार्क ग्रास. ज्या तुकड्यांना खत मिळत नाही तिथे पस्तीस-चाळीस जाती सापडतात. ज्या तुकड्याला दर वर्षी अमोनियम सल्फेटमधून हेक्टरी १४४ किलो नत्र मिळतं आणि चुना मिळत नाही, तिथे दोन-तीन. मधल्या तीस-पस्तीस जाती कुणी उपटल्या नाहीत, जाळल्या नाहीत. त्यांच्या शेजाऱ्यांना पोटभर जेवू घातलं, एवढंच.

गेलेल्यांत ब्रायझा नावाचं एक गवत आहे. त्याची कणसं केसासारख्या बारीक देठांना लोंबतात आणि अगदी मंद वाऱ्यातही थरथरत राहतात. ते पावलापावलावर दिसणारं गवत नव्हे. त्याला गरीब जमीन लागते. खताच्या तुकड्यांवर ते नाही.

गांडुळं

अमोनियम सल्फेटने जमीन आंबते. पार्क ग्रासच्या सर्वांत आंबट तुकड्यांचा सामू साडेतीनच्या आसपास उतरला आहे. तिथे गांडुळं जवळजवळ नाहीतच. मेलेलं गवत मातीत ओढून नेणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते न कुजता जमिनीवर गादीसारखं साचलं. एखादं बी पडलं तरी ते त्या गादीवर पडतं, मातीवर नाही. फुलं गेली त्यानंतर फुलांना परत यायची जागाही गेली.

तळाचा उजेड

नत्र काही विष नाही. मग त्याने जाती मरतात कशा? मुळांच्या झुंजीमुळे की पानांच्या, यावर अभ्यासकांचा बराच काळ वाद होता. २००९ साली झुरिकमध्ये यान ओतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा उपाय केला. कुरणातल्या वनस्पती काचघरात एकत्र वाढवल्या, काहींना खत दिलं, आणि खत दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या बुडाशी, पानांच्या खाली, दिवे लावले.

जिथे नुसतं खत होतं तिथे जाती कमी झाल्या. जिथे खत होतं आणि तळाला दिवाही होता, तिथे त्या टिकल्या.

उंच गवत नत्र मिळताच झपाट्याने वर जातं आणि खाली सावली करतं. बुटकी, जमिनीलगतच्या पानांची, सावकाश वाढणारी रोपं त्या सावलीत मरतात. उपासमार होते ती अन्नाची नसते, उजेडाची असते. त्या प्रयोगात दिवा लावता आला. कुरणात दिव्याचं काम गुरांचं तोंड करतं, विळा करतो. त्यांच्याकडे पुढे येतोच.

मुळांवरच्या गाठी

नत्र वाढलं की पहिली पीछेहाट द्विदलांची होते: क्लोव्हर, लोटस, रानवाटाण्याचे भाऊबंद. आपल्याकडे तूर-हरभऱ्याचं मूळ उपटून पाहणाऱ्याला त्या गाठी माहीत असतात. गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतलं नत्र देतात. तुटवड्याच्या जमिनीत हा सौदा सोन्याचा. नत्र फुकट पडू लागलं की गाठी सांभाळण्याचा खर्च अंगावर येतो आणि गाठी नसलेलं गवत पुढे निघून जातं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात केलॉग संशोधन केंद्रावर दोन दशकं नत्र घातलेल्या जमिनीतले रायझोबियम काढून क्लोव्हरला दिले. खत न घातलेल्या जमिनीतल्या जिवाणूंच्या मानाने ते कामात उणे निघाले. झाडं लहान राहिली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे तिथे द्विदलं तर घटतातच, पण उरलेल्यांचे भागीदारही देणं विसरत चालले आहेत. या यादीतली ही सर्वांत न दिसणारी नोंद.

चौकोनातली एक जात

कार्ली स्टीव्हन्स आणि सहकारी ब्रिटनभर फिरले. त्यांनी ६८ कुरणं निवडली. ही प्रयोगाची कुरणं नव्हती, साधी डोंगरउतारावरची होती, आणि त्यांना मिळणारं नत्र फक्त आभाळातून येत होतं. प्रत्येक ठिकाणी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद चौकोन आखून आतल्या जाती मोजल्या. लॉज-गिल्बर्टांच्या पर्जन्यमापकाएवढाच हा चौकोन. २००४ साली त्यांनी हिशेब मांडला: आभाळातून वर्षाला हेक्टरी अडीच किलो नत्र वाढलं की चौकोनातली एक जात कमी.

हेक्टरी अडीच किलो म्हणजे एकरी एक किलो. आपल्याकडच्या युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत वीस किलोंहून जास्त नत्र असतं. शेतकरी उसाला एकरी किती गोण्या टाकतो हे आठवून पाहा, म्हणजे हा एक किलो किती लहान आहे ते कळेल.

पहिल्या दहा किलोंत गेलेली

मिनेसोटातल्या सीडर क्रीकवर डेव्हिड टिलमन यांनी १९८२ साली रेताड जमिनीच्या चौकोनांवर नत्र टाकायला सुरुवात केली: कुठे थोडं, कुठे फार. तिथलं मूळचं गवत लिटल ब्लूस्टेम. ते थोड्या नत्रात भागवणारं, हिवाळ्याच्या तोंडाला तांबूस होणारं आहे. नत्र मिळालं तिथे युरोपातून आलेलं क्वॅकग्रास पसरलं आणि ब्लूस्टेम मागे हटलं.

ख्रिस्तोफर क्लार्क आणि टिलमन यांनी २००८ मध्ये या चौकोनांचा दोन दशकांहून जास्त काळाचा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षाला हेक्टरी अवघं दहा किलो जादा नत्र मिळालेल्या चौकोनांत जाती १७ टक्क्यांनी घटल्या होत्या. शिवाय किलोमागे होणारं नुकसान सुरुवातीच्या किलोंनाच सर्वांत जास्त होतं. फार नत्र पडलेल्या जमिनीत गमावण्यासारखं पुढे थोडंच उरतं. थोड्या नत्राने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याला सीडर क्रीकचं हे उत्तर आहे.

१९८८ नंतर न परतलेल्या

१९८७ आणि ८८ साली मिनेसोटात मोठा दुष्काळ पडला. सीडर क्रीकवर चौकोन आखलेले होते आणि नोंदी चालू होत्या. टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी २०७ चौकोनांतल्या गवताचा दुष्काळाआधीचा आणि नंतरचा भार ताडून पाहिला. जिथे जाती पुष्कळ होत्या तिथलं गवत निम्म्यावर आलं. जिथे त्या अगदी थोड्या होत्या तिथे आठवा हिस्सा उरला.

थोड्या जाती कुठे होत्या? जिथे नत्र पडलं होतं तिथे. पावसाच्या चांगल्या वर्षांत तेच चौकोन भरघोस दिसत होते. त्यांचं उणेपण दुष्काळाने उघडं केलं.

त्याच दुष्काळात खत न मिळालेल्या चौकोनांतूनही जाती गेल्या. चार शेतांत मिळून जातींची संख्या ३७ टक्क्यांनी घसरली, आणि पाऊस पुन्हा नेहमीसारखा पडू लागल्यावर पुढच्या दोन वर्षांत ती भरून आली नाही. पाऊस परतला म्हणून त्याच्याबरोबर गेलेलं सगळं परत येत नाही. एखादी जात त्या चौकोनातून संपली की तिचं बी बाहेरून कुठून तरी यावं लागतं.

वेळेवरचा पाऊस

पाऊस कमी झाला तर नुकसान, जास्त झाला तर फायदा, असं वाटणं साहजिक आहे. कॅलिफोर्नियातल्या तीन ठिकाणांनी हा हिशेब गुंतागुंतीचा करून ठेवला.

पहिलं ठिकाण जॅस्पर रिज, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं. तिथे १९९८ पासून कुरणाच्या तुकड्यांवर उष्णता, कार्बन डायऑक्साइड, नत्र आणि दीडपट पाऊस असे चार बदल एकेकटे आणि एकत्र करून पाहिले गेले. एरिका झावालेटा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पहिल्या तीन वर्षांचा निष्कर्ष दिला: नत्राने जाती घटल्या, जादा पावसाने वाढल्या. दोन्ही एकत्र केले तर परिणामांची सरळ बेरीज-वजाबाकी झाली. जे आलं-गेलं त्यात जवळजवळ सगळी रानफुलं होती. गवतं आपल्या जागी होती.

दुसरं ठिकाण त्याच राज्याच्या उत्तरेला एंजेलो अभयारण्य. तिथे ब्लेक सटल यांनी पाच वर्षं वसंत ऋतूत जादा पाणी शिंपडलं. आधी द्विदल रानफुलं बहरली, जाती वाढल्या. त्या द्विदलांनी जमिनीत नत्र साठवलं. त्या नत्रावर गवतं माजली, त्यांचा वाळला थर साचला, आणि काही वर्षांत रानफुलं त्याखाली दबली. जाती सुरुवातीपेक्षाही खाली गेल्या. तीन वर्षांत मोजलं असतं तर पाऊस लाभदायक ठरला असता. पाच वर्षांत मोजलं म्हणून उलटं दिसलं. पाण्याने आणलेलं नत्रच शेवटी भारी पडलं.

तिसरं ठिकाण मॅकलॉफ्लिन राखीव क्षेत्र. सुझन हॅरिसन यांनी तिथल्या ८० जागा पंधरा वर्षं दर वर्षी मोजल्या. इथे कुणी काही शिंपडलं नाही, काही टाकलं नाही. ऐन हिवाळ्यातला पाऊस कमी होत गेला आणि त्याच पावसावर उगवणारी स्थानिक रानफुलं एकेका जागेवरून कमी होत गेली. त्यातही आधी गेली ती रुंद, पातळ पानांची, कोरडं सोसू न शकणारी. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं.

जॅस्पर रिजचं फुलपाखरू

याच जॅस्पर रिजवर काळ्या, तांबड्या आणि पिवळट ठिपक्यांचं एक फुलपाखरू राहत असे: बे चेकरस्पॉट. त्याची अळी मुख्यतः प्लँटॅगोच्या एका बुटक्या जातीवर वाढते. आपल्या इसबगोलाची ती सख्खी चुलतबहीण. झाड वाळण्याआधी अळीने ठरावीक वाढ गाठली तर ती जगते. हिवाळ्यात पाऊस कधी थांबला यावर सगळं अवलंबून.

पॉल एरलिक यांनी १९६० पासून दर वर्षी ही फुलपाखरं मोजली. पुढे पावसाच्या वर्षावर्षांतली तफावत वाढत गेली, आणि तिच्याबरोबर फुलपाखरांच्या संख्येचे हेलकावेही. १९८७ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवलं. १९९८ मध्ये जॅस्पर रिजवरची शेवटची वस्ती संपली. अभ्यासक तिथेच होते, अभयारण्य शाबूत होतं.

चरणारी जनावरं

तेच फुलपाखरू सॅन होझे शहराच्या दक्षिणेला कोयोटी रिजवर मात्र टिकलं. तिथली माती सर्पेंटाइन खडकाची, अतिशय गरीब. म्हणून तिथे परदेशी गवतांना पाय रोवता येत नव्हते आणि प्लँटॅगोला जागा होती. मग शेजारच्या हमरस्त्यांवरच्या मोटारींच्या धुरातून नत्र पडू लागलं आणि इटालियन राय नावाचं गवत चढू लागलं.

काही जागांवरून गुरं हटवली गेली. तिथे राय गवत गुडघाभर वाढलं, प्लँटॅगो त्याखाली गडप झाली आणि फुलपाखरं संपली. जिथे गुरं चरत राहिली तिथे फुलपाखरं राहिली. स्टुअर्ट वाइस यांनी १९९९ मध्ये हे दाखवून दिलं. गुरं राय गवत निवडून खातात, तळाला उजेड पोचतो, आणि गवतातलं थोडं नत्र जनावराच्या अंगात जाऊन डोंगर उतरतं.

हे वाचताना मला आपले धनगर आठवतात. मेंढरं दिवसा माळावर चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या शेतात बसवली जातात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. या व्यवहारात माळावरचं नत्र रोज संध्याकाळी चालत चालत शेतात जातं. शेत सकस होतं आणि माळ गरीब राहतो. माळावरच्या फुलांना हवी असते ती हीच गरिबी. गोण्या दारात येऊ लागल्या तशी मेंढरं बसवण्याची गरज अनेक गावांत कमी झाली. जनावर चारायला नेणारा गेला की गवत कापणारं, उजेड खाली सोडणारं आणि नत्र बाहेर नेणारं, अशी तिन्ही कामं करणारं कुणी राहत नाही. अति चराईने माळाची धूप होते हेही खरं आहे. पण अजिबात चराई नसणं म्हणजे रक्षण, हे खरं नाही.

सीतेची आसवे

ही अजून आहेत. यादीत ठेवली ती सावधगिरीने. कासच्या पठारावर, जांभ्याच्या पातळ मातीत, पावसाळ्यात ही जांभळट-निळी फुलं येतात. २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर हे पठारही जागतिक वारसा आहे. फुलं पाहायला गर्दी होते, पण या झाडाचं खरं काम चिखलात चालतं. त्याला तिथे बारीक फुगे असतात, आणि त्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं. शेजारी दवबिंदू नावाचं झाड चिकट केसांवर किडे धरतं. दोघांचीही ही धडपड मुख्यतः नत्रासाठी. मातीत ते नाही, म्हणून त्यांनी शिकार शिकून घेतली.

ईशान्य अमेरिकेतल्या दलदलींत सरासेनिया नावाची कीटकभक्षी वनस्पती आहे; किडे पकडायला तिच्या पानांचे पेले होतात. ॲरन एलिसन आणि निकोलस गोटेली यांनी तिला नत्र दिलं तेव्हा तिने पेले आखडते घेतले आणि सपाट पानं काढली. जी वनस्पती तुटवड्यावर जगायला शिकली, तिला भरपूर मिळालं की तिची विद्याच निरुपयोगी होते.

गवतांची नावं

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभर हिंडून भारतातल्या गवताळ भूमीचे पाच प्रकार पाडले आणि १९७३ साली ते पुस्तकरूपाने मांडले. दख्खनसह द्वीपकल्पाचा बहुतेक भाग ज्या प्रकारात येतो त्याचं नाव सेहिमा–डायकँथियम. सेहिमा म्हणजे आपल्याकडचं पवन्या, शेडा; डायकँथियम म्हणजे मारवेल. अर्ध्या देशाच्या माळांना शास्त्राने दिलेलं नाव म्हणजे मराठी मेंढपाळाच्या तोंडची दोन गवतं.

मारवेल गोड, गुरं आधी तेच शोधतात. माळ खालावला की ही चांगली गवतं मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. तिची टोकदार कुसळं धोतरात, लोकरीत, जनावराच्या तोंडात रुततात. गवत ओळखणारी माणसं गावात होती तोवर हा बदल बोलण्यात येत असे. आता सगळ्याला नुसतं गवत म्हणतात. नाव गेलं की गवत गेल्याचं कळत नाही.

त्या जागी दुसरी नावं आली आहेत. सातबाऱ्यावर लागवडीला न येणारी जमीन पोटखराबा. सरकारी नकाशांत माळ पडीक. पडीक म्हटलं की तिथे काही तरी केलं पाहिजे असं वाटतं: झाडं लावावीत, नांगरावं, वसाहत करावी. माळाला सुधारण्याची ही घाई त्याला नत्राइतकीच बाधते. दख्खनच्या माळावरच्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या कित्येक वनस्पती शास्त्राला गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच ठाऊक झाल्या आहेत. ज्यांची ओळखच आत्ता झाली, त्या पडीक जागेत राहत होत्या.

परतीची वाट

गेलेलं परत येतं का? सीडर क्रीकवर ज्या चौकोनांना दहा वर्षं वर्षाला हेक्टरी ९५ किलो किंवा त्याहून जास्त नत्र मिळालं होतं, त्यांचं खत थांबवून वीस वर्षं झाली तरी जाती भरून आल्या नाहीत. शेजारी जातींनी समृद्ध चौकोन होते, बी उडून येत होतं, तरीही नाही. फॉरेस्ट इसबेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे मांडलं.

पार्क ग्रासवर वेगळं घडलं. तिथल्या काही तुकड्यांचं नत्र १९८९ मध्ये बंद केलं. त्याच सुमारास इंग्लंडची हवाही सुधारू लागली होती. जोनाथन स्टोर्की यांच्या गटाने २०१५ मध्ये लिहिलं की गेलेल्या जातींपैकी बऱ्याच परतल्या, द्विदलं वाढली, चुना मिळाला तिथे तर विशेषच. परतले नाहीत ते फार आंबलेले तुकडे. पार्क ग्रासचं गवत वर्षातून दोनदा कापून बाहेर नेलं जातं, आणि परतीला त्याची मदत झाली असावी, असं त्यांचं मत आहे. विळ्याने उजेड खाली सोडला आणि नत्र बाहेर नेलं. धनगराची मेंढरं हेच करत होती.

म्हणजे वाट आहे, पण अट आहे. नत्र थांबलं पाहिजे, गवत हललं पाहिजे, आणि बी देणारा एखादा जुना तुकडा जवळपास उरला पाहिजे.

तुकडा क्रमांक तीन

पार्क ग्रासच्या तिसऱ्या तुकड्याच्या एका भागाला १८५६ पासून काहीही घातलेलं नाही. खत नाही, चुना नाही. तिथे वैरण कमी निघते. थरथरणारं गवत तिथे आहे.

आपल्याकडे पार्क ग्रास नाही. माळ आहेत, गायरानं आहेत, गावाबाहेरचे पोटखराब्याचे तुकडे आहेत. माझी विनंती लहान आहे. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन जवळच्या माळावर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद चौकोन आखा. आतल्या वनस्पती मोजा. नावं येत नसतील तर पानं वेगळी ओळखून मोजा, आणि मेंढरामागे जाणारा कुणी भेटला तर नावं त्याला विचारा. तारीख घालून लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. पार्क ग्रासवर पहिली पूर्ण मोजदाद १८६२ साली झाली. आपल्या माळावरची या भाद्रपदात होऊ शकते.